होडीचा वाटा

अराबा एसेल रोज संध्याकाळी डोक्यावर टोपलं घेऊन मेलेल्या होड्यांच्या मागे जाते आणि तिथे काहीतरी पुरते, ही बातमी ओकुमानोत पहिल्यांदा कुणी आणली हे विचारायची गरजच नव्हती. बातमीला तावियाहच्या भट्टीचा वास येत होता. तावियाह ही अराबाची शेजारीण. दोघींच्या मासे धुरवायच्या भट्ट्या पाठीला पाठ लावून उभ्या, आणि तोंडंही तशीच उलट्या तऱ्हेची: एकीचं कायम उघडं, दुसरीचं कायम मिटलेलं. पहिल्या दिवशी अराबा नुसतं काहीतरी पुरत होती. दुसऱ्या दिवशी ती काळी कोंबडी पुरायला लागली. रविवारी लोक चर्चमधून बाहेर पडेपर्यंत तिने मंतरलेल्या कवड्या पुरून सगळा समुद्र आपल्या भावाच्या जाळ्याकडे वळवलासुद्धा होता. अराबाला भाऊ नाही हे अख्ख्या गावाला माहीत होतं. पण चालत्या बातमीला एवढ्यातेवढ्यावरून कुणी अडवत नाही.

खरं काय ते एका कुत्र्याने उकरून काढलं. माशांची डोकी, आतडी, खवले आणि वर भट्टीची राख. बस्स. गावाची फार निराशा झाली. तावियाह तर चक्क रागावली. आपलीच कुणी फसवणूक केल्यासारखा चेहरा करून ती अराबाच्या दारात उभी राहिली.

"डोकी पुरतेस? माशांची? मग सांगायचं नाही का? मी उगाच कोंबडीपर्यंत गेले."

"तू विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

"नाही," अराबा म्हणाली आणि जाळीवरचे मासे उलटवायला लागली.

तिच्याकडून एक वाक्य काढणं म्हणजे खडकातून कालव काढणं. पण त्या दिवशी पुढचं तिने आपणहून सांगितलं. "जमिनीला जेवायला घालतेय. उपाशी जमीन काय देणार? तिथे बाग करायचीय."

"तुझी?"

"आपली."

आपली म्हणजे नक्की कुणाची, हे काही तावियाहला उमगेना. ओकुमानोत होडी कुणाची तरी असते, जाळं कुणाचं तरी असतं, भट्टी कुणाची तरी असते. सगळ्यांचा असतो तो फक्त समुद्र. सगळ्यांची जमीन आणि तिच्यावर वांगी, हे ऐकून ती आधी पोटभर हसली, आणि दिवस मावळायच्या आत ते हसू तिने घरोघर वाटूनही टाकलं.

अराबा म्हणजे मंगळवारी जन्मलेली. आमच्याकडे नाव हेच पंचांग. आणि मंगळवार हा समुद्राचा वार, त्या दिवशी एकही होडी पाण्यात जात नाही. पुरुष वाळूवर बसून जाळी शिवतात, जुनी भांडणं मिटवतात आणि पुढच्या मंगळवारची सोय म्हणून नवी काढतात. "सुट्टीच्या दिवशी जन्मली, म्हणून अशी संथ," असं अराबाला लहानपणापासून चिडवत आले. दुसरं चिडवणं आईवरून. तिची आई रानाकडची, होड्यांसाठी झाडं येतात त्या बाजूची. बाप एसेल झाड आणायला गेला आणि बायको घेऊन आला, होडीसाठी त्याला पुन्हा जावं लागलं, असं म्हातारे अजून सांगतात. बाई जन्मभर इथे राहिली, पण समुद्राशी तिचं कधी पटलं नाही. "इथे काही थांबत नाही," ती म्हणायची. "आलं की गेलं." फुटक्या मडक्यात तिने भेंडी लावली होती. खारा वारा पानं करपवायचा आणि ती पुन्हा बी टोचायची.

अगदी लहान असताना एकदा आई अराबाला आपल्या गावी घेऊन गेली. दुपारी कोकोच्या झाडांखाली, वाळल्या पानांच्या गादीवर पोर झोपून गेली. झोपेत तिला लाटा ऐकू आल्या. भरती येतेय, चटई वर घ्यायला हवी, असं वाटून ती उठून बसली, तर चारी बाजूंनी हिरवा उजेड आणि समुद्राचा पत्ता नाही.

"एनो, समुद्र कुठे गेला?"

"अगं, पानं वाजतायत ती," आई म्हणाली.

तेव्हा त्या पोरीच्या मनात जे एकमेकांत मिसळलं ते पुन्हा कधी वेगळं झालं नाही. पुढे मोठेपणी, भट्टीपाशी धुराने डोळे मिटले की तिला दिसायचं: पाणी लांब मागे सरकलंय, उघड्या पडलेल्या तळावर कमरेएवढी पानं डुलतायत, आणि त्या पानांमधून तारल्यांचा थवा कुठल्याही घाईशिवाय चाललाय. थव्याच्या पाठी चमकतात, मग पानांच्या पाठी चमकतात, आणि कुठलं काय ते कळेनासं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नाही. तावियाहच्या शेजारी राहणाऱ्या बाईने स्वप्नं उघड्यावर वाळत घालू नयेत.

आईला जाऊनही बरीच वर्षं झाली. मासा आटत चालला होता. सरकार दरवर्षी महिनाभर समुद्र बंद करायला लागलं, माशांनी अंडी घालावीत म्हणून. त्या महिन्यात सगळ्या गावाच्या भट्ट्या थंड पडत आणि लोक केन्कीच्या, आंबवलेल्या मक्याच्या गोळ्याबरोबर नुसती मिरची खात. एकदा त्या थंड महिन्यात अराबा मेलेल्या होड्यांमध्ये बसली होती. होडी म्हातारी झाली की आमच्याकडे तिला जाळत नाहीत. वाळूच्या वरच्या अंगाला नेऊन ठेवतात, तोंड समुद्राकडे करून, म्हणजे तिला करमतं. तिथेच तिच्या बापाची होडी होती. रंग उडालेला, अक्षरं पुसट: न्काक्रा न्काक्रा. थोडं थोडं. आणि होडीच्या पोटात, कुठून उडत आलेल्या मातीत, कुणीही न लावलेलं भेंडीचं एक रोप उभं होतं. फूलही होतं त्याला. अराबाने त्याच्याकडे इतका वेळ पाहिलं की भरतीचं पाणी येऊन तिच्या चपला घेऊन गेलं.

तर तिथून हे सुरू झालं.

जागेसाठी नाना बोट्वेंची परवानगी हवी होती. ते कोळ्यांचे मुख्य. किनाऱ्याची चिमूटभर वाळूसुद्धा त्यांच्या शब्दाशिवाय हलत नाही. मंगळवारी बदामाच्या झाडाखाली त्यांची बैठक असते. अराबा रीतीप्रमाणे जिनची बाटली घेऊन गेली. नाना एकाच कानाने ऐकायचे. दुसरा लाटांनी नेला होता. नको ते बोलणं सुरू झालं की ते तोच कान पुढे करत.

अराबाने मागणं सांगितलं आणि नानांच्या मागे उभा असलेला एबो हसला. एबो नानांच्या बहिणीचा मुलगा, आणि आमच्याकडे मान भाच्याकडे जातो, म्हणजे उद्याचा वारस. त्यालाही तीच जागा हवी होती. गार बिअरचं दुकान काढायचं, बाहेर खुर्च्या, मोठे भोंगे, आणि रात्रंदिवस गाणी.

"भाजी? वाळूत?" तो म्हणाला. "आंटी अराबा, वाळूत पेरणी करायची ती कासवांनी."

"आणि त्यांचं उगवतंही," अराबा म्हणाली.

बैठक खदखदून हसली. एबो आपल्या दुकानाबद्दल सांगायला लागला तेव्हा नानांनी डोकं वळवून बहिरा कान त्याच्याकडे केला आणि समुद्राकडे पाहत बसले. मग म्हणाले, "बंदीचा महिना संपून समुद्र उघडेल, त्या सकाळी मी येऊन बघेन. जागा हिरवी दिसली तर बागेची. पिवळी दिसली तर एबोची."

"कायमची?" अराबाने विचारलं.

"कायमची."

लोकांना वाटलं, झालं, बिअर येणार.

अराबाने कुणाला बोलावलं नाही. ती मंगळवारी एकटी जाऊन काम करायला लागली, एवढंच. पण मंगळवारी ओकुमानोत कुणाला काही काम नसतं, आणि काम नसलेल्या माणसाला दुसऱ्याचं काम बघण्यासारखं सुख नाही. आधी लोक बघायला आले. बघता बघता सल्ले द्यायला लागले. सल्ले देता देता एखाद्याला राहवेना, तो म्हणे, "अहो आंटी, अशी नाही, इकडे आणा ती कुदळ." भरतीबरोबर येऊन कुजणारं तपकिरी शेवाळ त्यांनी पावसात पसरून ठेवलं, मासे उलटवावेत तसं रोज उलटवलं, त्यातलं मीठ धुऊन जाईपर्यंत, आणि मग मातीत मुरवलं. शिवण्यापलीकडे गेलेली जाळी शेळ्यांसाठी कुंपण झाली. उरलेली पदरावर पदर घालून वर मांडवासारखी ताणली, कोवळ्या रोपांना सावली म्हणून. न्काक्रा न्काक्राच्या पोटात त्यांनी काळी माती भरली, आणि सगळी रोपं आधी तिच्यात उगवून मग खाली वाळूत उतरली. विहिरीचं पाणी ओढताना गाणं कुठलं म्हणणार? येत होतं तेच म्हटलं, रापणीचं. रापण ओढायची म्हणजे दोराला गावातला कुणीही येऊन लागतो, आणि ज्याचा हात लागला त्याला वाटा लागला, हा आमचा कायदा. तावियाहने तर दोराला नुसता हात लावून गाणं सांगायचंच काम घेतलं. पाणी दुसरे ओढत.

"ही काय ओढतेय?" कुणीतरी विचारलं.

"लक्ष," अराबा म्हणाली.

पावसाची झड ओसरली आणि एका दुपारी अराबा त्या मांडवाखाली आडवी झाली. जाळ्यातून ऊन गाळून येत होतं. पानांवर जाळ्याची सावली, सावलीत उन्हाचे ठिपके, वारा आला की ठिपके सगळे एका दिशेला पळायचे आणि वळून परत यायचे. भेंडीची पानं वाजत होती. पलीकडे समुद्र वाजत होता. कुठला आवाज कुठला ते तिने शोधायचं सोडून दिलं. तिला वाटलं आपण तळाशी आहोत, पाण्याचं ओझं मात्र नाही. वांग्याच्या फुलांमधून काहीतरी रुपेरी सरकत गेलं आणि तिने वळूनही पाहिलं नाही, इतकी तिची खात्री होती.

बंदीचा महिना आला. भट्ट्या थंड पडल्या, पण या खेपेला केन्कीबरोबर भेंडीचं कालवण होतं. अराबा रोज संध्याकाळी थोडी भेंडी, थोडी पांढरी वांगी, मूठभर मिरच्या तोडून जाळ्याच्या फाटकापाशी ठेवायची. ज्याला हवं त्याने न्यावं.

तावियाहला ही चिमूटचिमूट बघवत नव्हती. "जाळं तुडुंब भरलंय आणि तू एकेक मासा मोजून काढतेयस. ओढून घे ना एकदाचं."

"थोडं थोडं," अराबा म्हणाली.

"बाप होडीचं नाव ठेवून गेला आणि मुलगी त्यावर जन्म काढतेय."

मग रानातल्या मामाच्या मातीचा निरोप आला. अराबा शुक्रवारी पहाटेच्या गाडीने गेली. तशीही शुक्रवारी ती बागेत पाऊल टाकत नसे. समुद्राला मंगळवार तसा मातीला शुक्रवार, त्या दिवशी मातीला लोखंड लावायचं नाही, हे तिच्या आईचं शिकवणं. आम्ही कोळी नैवेद्याची दारू ओतताना धरतीचंही नाव घेतो, पण तिचा वार पाळायची वेळ आमच्यावर कधी आली नव्हती.

त्या शुक्रवारी लोक बागेपाशी जमले. पोटात भूक, हाताला काम नाही, आणि समोर भरलेली बाग. तावियाहच्या मनात आलं, अराबा दमून येईल, मामाला पुरून येईल, तिचं एवढं काम आपण करून ठेवावं. मनात आलेलं तिच्या तोंडातून बाहेर पडायला वेळ लागत नाही. एबोने हसत हसत कुंपणाच्या जाळ्याचा दोर सोडला आणि गाणं सुरू केलं. त्याच्या मनात काय होतं ते त्यालाच ठाऊक. पण आवाज त्याचा गोड आहे, हे मानावं लागेल. गाणं सुरू झाल्यावर आमच्या गावात कुणी स्वस्थ उभं राहत नाही.

रापण किनाऱ्याला लागली की जाळ्यात काही ठेवत नाहीत. ठेवलं ते कुजतं. हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून त्यांनी भेंडीची झाडं मुळांसकट उपटली. वांगी उपटली, मिरच्या उपटल्या. रताळ्याचे वेल गोळा करून ओढले. कसाव्याचा कंद अजून बोटाएवढाच होता, तोही बाहेर काढला. न्काक्रा न्काक्राच्या पोटातली रोपंही कुणीतरी हाताने चाचपून, एकही न सांडता, काढून घेतली. मग वाटणी झाली, आणि इतकी सरळ वाटणी कित्येक वर्षांत झाली नव्हती. दोराला हात लावणाऱ्यांचे वाटे झाले, विधवांचे झाले, अंथरुणावर पडलेल्यांचे घरपोच गेले. कुणी भांडलं नाही. सगळ्यांत मोठा ढीग जाळ्याच्या मालकिणीचा म्हणून अराबाच्या दारात रचला, त्यावर ओलं पोतं घातलं, आणि तावियाह काठी घेऊन शेळ्यांवर पहारा करत बसली.

रविवारी अराबा आली ती अंगावर मर्तिकाचे काळे कपडे, डोळे सुजलेले. तावियाहने समारंभाने पोतं बाजूला केलं. "बघ. सगळ्यांत मोठा तुझा. मी दोन दिवस उठले नाही इथून."

अराबाने खाली वाकून वांग्याचं एक झाड उचललं. मुळांना अजून वाळू चिकटून होती.

"मुळं कशाला काढली?"

"म्हणजे? अर्धं काय जाळ्यातच ठेवायचं?"

"तावियाह, हे परत येतं. वांगं तोडलं की त्याच झाडाला दुसरं येतं."

तावियाहचं तोंड उघडं राहिलं, पण त्यातून काही बाहेर येईना. असं तिच्या आयुष्यात फारसं झालेलं नाही. शेवटी ती बारीक आवाजात म्हणाली, "मासा कुठे त्याच जाळ्यात परत येतो? मला काय ठाऊक."

कपडे न बदलता अराबा बागेकडे गेली. सगळं पिवळं होतं. मांडवाच्या जाळ्यातून ऊन खाली येत होतं, ठिपके वाळूवर पळत होते, पण त्यांना चढायला पान नव्हतं. ती बापाच्या होडीत जाऊन बसली, मातीवरच, आणि तिने डोळे मिटले. पाणी मागे सरकलं. तळ उघडा पडला. त्यावर काहीच नव्हतं, लांबपर्यंत नुसती वाळू, आणि तारल्यांचा थवा दिशा चुकल्यासारखा जागच्या जागी गोल फिरत होता. ती तशीच बसून राहिली. मग त्या वाळूवरून तिला बाप येताना दिसला, दोन्ही हातांत मासे धरून. तो घराकडे आला नाही. आधी होडीकडे गेला, मासे होडीपाशी ठेवले, आणि मगच वळला. असंच करायचा तो. घरात चूल पेटली नसली तरी वाटणीत पहिला ढीग होडीचा. तो विकून तिला डांबर, लाकूड, रंग. अराबा लहान असताना रडायची, होडीला कशाला मासे, तिला तोंड तरी आहे का? बाप म्हणायचा, "तिला नाही दिलं, तर उद्या तुझ्या तोंडाला काय देऊ?"

अराबाने डोळे उघडले.

मंगळवारी बदामाखाली एबो आधीच येऊन बसला होता, तोही जिनची बाटली घेऊन. "नाना, जागा पिवळी झालीय. समुद्र उघडायची वाट कशाला बघायची?"

नानांनी बहिरा कान पुढे केला. पण बाकीच्यांच्या माना खाली होत्या, कारण एव्हाना तावियाहने मुळांची गोष्ट गावभर सांगितली होती, पहिल्यांदाच काही न वाढवता.

अराबा उभी राहिली. "नाना, शुक्रवारची वाटणी चुकलीय."

आता ही शिवी झाली. बैठकीत माणसं चुळबुळली. "कुणाला कमी पडलं?" एक म्हातारा म्हणाला. "नाव सांग, बाई. अख्ख्या गावाने वाटलंय ते."

"न्काक्रा न्काक्राला."

"ती मेलेली होडी?" एबो म्हणाला.

"मेलेली असती तर तिच्यात रोपं कशी वाढली? तिनेच सगळी आणली, एकेक. जाळं होतं, ओढणारे होते, होडी माझ्या बापाची होती. जाळ्याचा वाटा माझ्या दारात आला, उपकार झाले. ओढणाऱ्यांचे वाटे घरी गेले. होडीचा कुठेय?"

आमच्याकडे माणूस दुसऱ्याच्या बायकोवर नजर ठेवेल, चर्चला जायचं टाळेल, पण होडीचा वाटा पोटात घेऊन पाण्यात जाणार नाही. आणि समुद्र उघडायला आता फार दिवस राहिले नव्हते. तगडे तगडे पुरुष आपापल्या पोटाकडे बघायला लागले.

नानांनी डोकं हळूच वळवून चांगला कान अराबाकडे केला. "काय लागतं या होडीला?"

"जे परत मातीत जाईल ते. वेल, काड्या, बी."

"ऐकलंत," नाना म्हणाले. "ज्याने वाटा खाल्ला त्याने होडीचं देणं दिल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये."

"आणि जागेचं, नाना?" एबोने विचारलं.

"मी समुद्र उघडेल तेव्हा म्हटलं होतं. उघडलाय का?"

त्या दुपारी ओकुमानोत जी धावपळ झाली ती पाहायला हवी होती. एकाने कसाव्याच्या काड्या कपडे वाळत घालायच्या दोरीला टेकू म्हणून लावल्या होत्या. ओल्या कपड्यांसकट काढून आणल्या. दुसऱ्याच्या बायकोने त्या चुलीत घातल्या होत्या, त्यातल्या निम्म्या विझवून आणल्या. रताळ्याचे वेल शेळ्यांपुढे टाकलेले. दोन प्रतिष्ठित कोळी शेळीच्या तोंडातून वेल ओढत होते आणि शेळी काही रापणीचा कायदा मानायला तयार नव्हती. कुणी वाळत घातलेल्या मिरच्या आणल्या, कुणी जून झालेली भेंडी, कुणी पिकून पिवळं पडलेलं वांगं. तावियाह टोपलं घेऊन दारोदार फिरली. कुणाच्या घरात काय गेलं हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? कुणी नाही म्हणालं की ती उंबऱ्यावर बसायची आणि त्या घरातल्या जुन्या गोष्टी मोठ्याने आठवायला लागायची. टोपलं भरभर भरलं. एबोने आपला वाटा सगळाच्या सगळा संपवला होता, तेव्हा त्याने त्याऐवजी पाणी घालावं असं ठरलं. बिअर गार करायला आणून ठेवलेला निळा पिंप डोक्यावर घेऊन तो रोज संध्याकाळी विहिरीपासून बागेपर्यंत येरझाऱ्या घालायचा, आणि पोरीबाळी त्याच्या मागून त्याचंच गाणं म्हणत जायच्या.

शुक्रवारी मात्र कुणी गेलं नाही. फाटकाला दोराची गाठ मारली होती, आणि ती सोडायची हिंमत एबोचीही झाली नाही.

समुद्र उघडला त्या पहाटे नानांनी पाण्यात दारू ओतली, झेंडे लावलेल्या होड्या एकामागून एक लाटांवर चढल्या, आणि किनारा रिकामा झाल्यावर नाना काठी टेकत बागेकडे आले. मागे एबो, बाजूला अराबा, आणि थोडी मागे तावियाह.

हिरवं होतं, पण केवढं? कसाव्याच्या काड्यांना डोळे फुटले होते. वेलांच्या टोकांशी नखाएवढी पानं. भेंडीची दोन दोन पानं वर आलेली, हात जोडल्यासारखी. न्काक्रा न्काक्राच्या पोटात मिरच्यांची दाट लव. अजून काही वाजत नव्हतं. पानं फार लहान होती. मांडवातून उन्हाचा पहिला ठिपका उतरला, वाळूवर जरा घुटमळला आणि एका भेंडीच्या पानावर चढला.

"नाना," एबो म्हणाला, "नीट बघा. पिवळ्यावर थोडं हिरवं आहे. जास्त पिवळंच आहे."

नाना खाली बसले, गुडघे वाजवत. होडीच्या काठावरून हात फिरवला, पुसट अक्षरांपर्यंत नेला, आणि तिथे थांबवला. "हिला आताशी वाटा मिळालाय," ते म्हणाले. "जेवायला बसलेल्याला कुणी उठवत नाहीत. जागा बागेची." आणि एबो पुढे काही बोलणार एवढ्यात त्यांनी बहिरा कान त्याच्याकडे केला.

त्यानंतर अराबा रडली असं तावियाह सांगते. खारा वारा होता, असं अराबा म्हणते.

पुढच्या पावसात भेंडी माणसाएवढी झाली. परवा संध्याकाळी तावियाह कुंपणाच्या जाळ्यावर रेलून उभी होती, आणि अराबा आत टोपलं रिकामं करत होती.

"गावात काय म्हणतात माहितीय?" तावियाह म्हणाली. "नुसत्या माशांच्या डोक्यांवर वाळूत असं उगवत नाही. खाली अजून काहीतरी पुरलंय. मला खरं सांग. मी कुणाला सांगणार नाही."

अराबाने माती सारखी केली, हात झटकले आणि म्हणाली, "माशांचीच डोकी आहेत, तावियाह. पण त्या कोपऱ्यात एका मोठ्या डोक्याची जागा मोकळी ठेवलीय. बोलत राहिलं तरी चालेल, झाडांना करमेल."